रिव्हर्ब पेडल घेताय? आधी वाजवायची जागा बघा

(या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याच्या ओघात आलेली काही वाक्यं थोडी सरळ केली आहेत. पेडल्सचे आवाज ऐकायला ऑडिओकडे जावं लागेल, आणि तेही हेडफोन लावून. फोनच्या स्पीकरवर रिव्हर्बची शेपटी ऐकूच येत नाही.)

आजचा विषय गिटारवाल्यांचा आहे, पण बेंजोवाल्यांनीही थांबा, मध्ये तुमच्याकडे येणार आहे.

प्रश्न नेहमी एकच असतो: "बिगस्काय घेऊ की आरव्ही-५००? की थोडे पैसे अजून साठवून एमएक्सच घेऊ?" प्रश्न साधा वाटतो, पण रक्कम साधी नाही. स्ट्रायमनचं बिगस्काय २०१३ साली अमेरिकेत आलं तेव्हा ४७९ डॉलरला होतं. २०२४ साली आलेलं बिगस्काय एमएक्स ६७९ डॉलरला. चेस ब्लिसचं सीएक्सएम १९७८ हे २०२० सालचं पेडल ८९९ डॉलरला. डॉलर ८५ रुपये धरा, म्हणजे अनुक्रमे ४१ हजार, ५८ हजार आणि ७६ हजार. त्यावर वाहतूक, कस्टम, जीएसटी वेगळे. पहिल्या नोकरीचे दोन पगार एका डबीत जातात. ती डबी घरात हेडफोनवर स्वर्ग आणि स्टेजवर चिखल वाटू नये, यासाठी हा भाग.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. रिव्हर्ब पेडल म्हणजे विकत घेतलेली खोली. तुम्ही वाजवता त्या जागेला आधीच एक खोली आहे. एका खोलीत दुसरी खोली बसवताना पहिली किती मोठी आहे हे माहीत नसेल, तर कितीही महाग पेडल घ्या, आवाज गिचमिडच होणार.

गोलघुमट आणि गाभारा

आधी रिव्हर्ब म्हणजे काय ते दोन मिनिटांत.

विजापूरच्या गोलघुमटात टाळी वाजवली की ती पुन्हा पुन्हा ऐकू येते, वेगवेगळी, जवळजवळ मोजता येईल अशी. हा प्रतिध्वनी. गिटारच्या भाषेत डिले. आणि जुन्या दगडी देवळाच्या गाभाऱ्यात 'ओम' म्हटलं की आवाज सुट्टा परत येत नाही, तो सगळीकडून भरून राहतो आणि हळूहळू विरतो. हा घुमारा. हाच रिव्हर्ब.

फरक अंतराचा आहे. मुंबईच्या उकाड्यात आवाज एका मिलिसेकंदात साधारण सव्वा फुटाच्या आत, म्हणजे १.१ फूट जातो. चाळीतल्या दहा फुटांवरच्या भिंतीपर्यंत जाऊन परत यायला त्याला १७-१८ मिलिसेकंद लागतात. इतक्या कमी वेळात आलेला आवाज आपला कान वेगळा धरत नाही, मूळ आवाजातच मिसळून टाकतो. तीच भिंत शंभर फुटांवर असेल, तर आवाज १७५ मिलिसेकंदांनी परत येतो आणि सरळ 'दुसरा आवाज' म्हणून ऐकू येतो.

पेडलवर प्री-डिले नावाचं जे बटण असतं ते नेमकं हे अंतर. २० ठेवलं तर भिंत जवळ, ८० ठेवलं तर भिंत लांब. डिके म्हणजे घुमारा विरायला लागणारा वेळ. यासाठी ध्वनिशास्त्रात एक मोजमाप आहे: आवाज बंद झाल्यावर तो ६० डेसिबलने खाली यायला किती सेकंद लागतात. हार्वर्डचे वॉलेस सबाइन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी या वेळेचं गणित मांडलं. खोली जितकी मोठी तितका घुमारा लांब, आणि खोलीत आवाज शोषणाऱ्या वस्तू जितक्या जास्त तितका तो आखूड. गादी, पडदा, माणसं, सगळं शोषतं. दगड, लादी, काँक्रीट परत फेकतं.

डबीत काय चालतं?

डिजिटलच्या आधी लोक खरीखुरी वस्तू हलवायचे. स्प्रिंग रिव्हर्बमध्ये स्प्रिंग थरथरते. १९६३ सालच्या फेंडर व्हायब्रोव्हर्ब या अँपमध्ये ती आतच बसवली होती. प्लेट रिव्हर्बमध्ये पोलादाचा मोठा पत्रा टांगलेला असतो. जर्मनीच्या ईएमटी कंपनीचा १९५७ सालचा पत्रा स्टुडिओत नेऊन ठेवायला चारपाच माणसं लागायची.

डिजिटलची सुरुवात १९६०च्या आसपास बेल लॅब्जमध्ये झाली. मॅनफ्रेड श्रोडर यांनी दाखवलं की छोटे छोटे डिले एकमेकांत गुंफले, त्यांचा आवाज पुन्हा त्यांच्यातच सोडला, तर खोलीचा भास तयार होतो. १९७६ साली ईएमटी २५० हे डिजिटल रिव्हर्बचं यंत्र बाजारात आलं आणि १९७८ साली डेव्हिड ग्रीझिंगर यांनी घडवलेलं लेक्सिकॉन २२४. आज तुमच्या पायाखाली असलेली जवळजवळ प्रत्येक महागडी डबी याच घराण्यातली.

मग स्वस्त आणि महाग यांत फरक कुठे? शेपटीत. स्वस्त पेडलमध्ये डिके वाढवला की शेवटी एक पत्र्यासारखी 'टिंऽऽ' उरते, किंवा आवाज दाणेदार होतो. चांगल्या पेडलमध्ये शेपटी दाट असते आणि आत हलकीशी हलत असते, त्यामुळे ती एका जागी वाजत राहत नाही. दुकानात परीक्षा घ्यायची सोपी युक्ती: तारा हाताने दाबून एकच 'टक' वाजवा, मिक्स पूर्ण, डिके चार सेकंद. आणि सुरुवात ऐकू नका, शेवटचा एक सेकंद ऐका.

आता पेडल्स समोरासमोर

*स्ट्रायमन बिगस्काय.* बारा प्रकारचे रिव्हर्ब, ३०० प्रीसेट. रूम, हॉल, प्लेट, स्प्रिंग हे नेहमीचे आहेतच, पण लोक घेतात ते क्लाउड, ब्लूम आणि शिमर यांच्यासाठी. शिमर म्हणजे घुमाऱ्यात वरच्या सप्तकाचा सूर मिसळणं. १९८०च्या दशकात ब्रायन ईनो आणि डॅनियल लॅन्वा यांनी स्टुडिओत रुळवलेला आवाज. बिगस्कायची खरी ताकद ही की फारसं काही न फिरवता ते चांगलं वाजतं. अँपशिवाय थेट हेडफोन किंवा मिक्सरला लावायचं तर कॅब फिल्टर आहे. रात्री दहानंतर शेजारच्या काकूंशी संबंध टिकवायचे असतील तर हे महत्त्वाचं आहे, हसू नका. मर्यादा एक: एका वेळी एकच रिव्हर्ब.

*बिगस्काय एमएक्स.* ती मर्यादा इथे काढली. दोन रिव्हर्ब एकाच वेळी, शिवाय इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे खऱ्या जागेत रेकॉर्ड केलेला घुमारा. त्याबद्दल शेवटी बोलू.

*बॉस आरव्ही-५००.* २०१७ सालचं. दिसायला कामगार, आणि कामही तसंच करतं. इथेही बारा मोड, ९६ किलोहर्ट्झवर प्रोसेसिंग, दोन रिव्हर्ब एकत्र लावता येतात, आणि प्रत्येक पॅचमध्ये वेगळा डिलेही आहे. त्यातला स्पेस एको मोड रोलँडच्या टेपवर चालणाऱ्या आरई-२०१ वर बेतलेला आहे. म्हणजे ज्याला डिले आणि रिव्हर्ब दोन्ही हवेत आणि दोन डब्या परवडत नाहीत, त्याचा हिशोब इथे बसतो. त्रास: छोट्या स्क्रीनवर मेनूत शिरावं लागतं. पहिला रविवार मॅन्युअल वाचण्यात जाईल.

*सोर्स ऑडिओ व्हेंट्रिस.* आत अक्षरशः दोन प्रोसेसर आहेत. त्याचा फायदा कानाला असा कळतो: एका प्रीसेटवरून दुसऱ्यावर गेलात तरी आधीची शेपटी कापली जात नाही, ती स्वतःच्या वेळेने विरते. मुखड्याला हॉल आणि अंतऱ्याला स्प्रिंग असं बदलणाऱ्यांना हे सोन्यासारखं. शिवाय फोनवरच्या न्यूरो ॲपमधून सगळे पॅरामीटर बदलता येतात. पूर्वी फोनच्या हेडफोन जॅकमधून केबल लावायची पद्धत होती. तुमच्या फोनला जॅक नसेल तर कन्व्हर्टर लागेल, हे आधीच लक्षात घ्या.

*इव्हेंटाइड स्पेस.* २०११ सालचं, आणि नावाप्रमाणे अवकाशातलं. ब्लॅकहोल हा मोड कुठल्याच खऱ्या खोलीसारखा वाजत नाही, आणि तसा वाजणं अपेक्षितही नाही. पण याच पेडलमधला डायनाव्हर्ब मला जास्त उपयोगी वाटतो. त्यात रिव्हर्बला कॉम्प्रेसरसारखं यंत्र जोडलंय, त्यामुळे तुम्ही वाजवत असताना घुमारा मागे दबून राहतो आणि थांबलात की वर येतो, असं लावता येतं.

*मेरिस मर्क्युरी७ आणि चेस ब्लिस सीएक्सएम १९७८.* हे दोन्ही एकाच ओढीतून आलेले: सत्तरच्या दशकाच्या शेवटचा तो डिजिटल घुमारा. मर्क्युरी७ मध्ये फक्त दोन अल्गोरिदम आहेत, अल्ट्राप्लेट आणि कथीड्रा. प्रेरणा 'ब्लेड रनर'च्या व्हँजेलिस यांनी केलेल्या पार्श्वसंगीताची. सीएक्सएम १९७८ मेरिस आणि चेस ब्लिस यांनी मिळून केलं. नावातलं साल लेक्सिकॉन २२४चं. त्याचे फेडर मोटरवर चालतात, प्रीसेट बदलला की आपोआप सरकतात. दिसायला भन्नाट. पण रूम, प्लेट, हॉल, इतकंच. ज्याला एकच आवाज हवा आणि तो कोणता हे पक्कं माहीत आहे, त्याच्यासाठी.

इथे एक गोष्ट बघा. बारा मोड की दोन मोड, ९६ किलोहर्ट्झ की कमी, यावर लोक रात्र रात्र वाद घालतात. पण स्टेजवर तुमचा आवाज वाचवणारी बटणं सगळ्यांत जवळजवळ सारखीच आहेत: मिक्स, डिके, प्री-डिले, आणि घुमाऱ्यातला खर्ज व तीव्र आवाज कापणारे फिल्टर. फरक इतकाच की काहींमध्ये ती हाताशी आहेत आणि काहींमध्ये मेनूच्या आत. अंधाऱ्या स्टेजवर, दोन गाण्यांच्या मधल्या दहा सेकंदांत, हा फरक मोठा असतो.

आपल्या जागा, त्यांच्या खोल्या

आता गिरगाव ते परळ फिरून येऊ.

*घरची खोली.* दहा बाय बारा, गादी, कपाट, दोरीवर कपडे. घुमारा जवळजवळ शून्य. त्यामुळे इथे कुठलंही पेडल छान वाजतं आणि आपण नकळत डिके वाढवत जातो. घरी आवडलेला प्रीसेट घरापुरताच. स्टेजसाठी तोच प्रीसेट कॉपी करा आणि मिक्स व डिके दोन्ही निम्म्यावर आणून सेव्ह करा. मग जागेवर जाऊन गरज पडली तर वाढवा.

*नाट्यगृह.* दादरचं शिवाजी मंदिर, गिरगावातलं साहित्य संघ मंदिर. मराठी नाट्यगृहात पहिली गरज शेवटच्या रांगेला संवाद कळण्याची. पडदे, विंग, खुर्च्या, आणि भरलेलं प्रेक्षागृह, सगळं आवाज शोषतं. म्हणजे इथे पेडलच्या रिव्हर्बला जागा आहे. दोन सेकंदांचा हॉल किंवा प्लेट मोकळेपणाने लावा. पण साउंडचेक रिकाम्या हॉलमध्ये होतो हे विसरू नका. प्रेक्षक बसले की जागा कोरडी होते, त्यामुळे साउंडचेकला 'किंचित कमी' वाटणाराही प्रयोगाला आणखी कमी वाटू शकतो. दुसरं, गायकाच्या माइकवर साउंडवाल्या दादांनी मिक्सरवरून रिव्हर्ब दिलेला असतो. त्यांना आधी विचारा. दोन वेगळ्या खोल्या एकाच गाण्यात भांडतात.

*चर्च आणि काँक्रीटचे हॉल.* दादरच्या पोर्तुगीज चर्चची आजची इमारत चार्ल्स कोरिया यांनी डिझाइन केली आहे, काँक्रीटच्या कवचासारख्या छतांची. कुठल्याही उंच छताच्या, कठीण भिंतींच्या जागेत क्वायरला गिटारची साथ करणाऱ्यांनी एकच करावं: पेडल बंद. इमारतीने तो खर्च आधीच केलाय. लादी घातलेला लग्नाचा हॉलही याच जातीचा, फक्त त्याचा घुमारा कर्कश असतो. तिथे फार तर छोटा रूम, तीव्र आवाज कापून.

*उघडं मैदान.* धोबी तलावचं रंगभवन आठवतं का? तुम्हाला नसेल, पण घरातल्या थोरल्या भावाला, काकाला विचारा. खुलं नाट्यगृह, मुंबईच्या रॉकवाल्यांची पंढरी. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे तिथले मोठ्या आवाजाचे कार्यक्रम थांबले. डोक्यावर छप्पर नाही म्हणजे वर गेलेला आवाज परत येत नाही. कॉलेज फेस्टचं मैदान, गणपतीत मंडळाने उभारलेलं स्टेज, सगळीकडे हीच गत. इथे महागड्या पेडलची शेपटी खऱ्या अर्थाने ऐकू येते.

*आणि मिरवणूक.* आले बेंजोवाले! लालबाग-परळच्या बेंजो पार्टीत बेंजोला पिकअप असतो आणि वायर इफेक्टमधून स्पीकरकडे जाते, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या तो गिटारचाच भाऊ. पण ताशा आणि कच्छी ढोल शेजारी वाजत असताना रिव्हर्बची नाजूक शेपटी कोणालाच ऐकू येणार नाही. तिथे कामाला येतो तो सुट्टा सुट्टा डिले, ज्याचे ठोके तालात बसतात. शिवाय गिरगावच्या अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंच्या चाळी आवाज परत फेकतातच. त्यात जनरेटरची वरखाली होणारी वीज आणि भाद्रपदातला पाऊस. टेम्पोवर पन्नास हजारांची डबी ठेवायची गरज नाही. साधी, दणकट, बदलायला सोपी डबी ठेवा.

मींड आणि ताल: आपलं गणित

परदेशी डेमो व्हिडिओत माणूस एक कॉर्ड वाजवतो आणि दहा सेकंद ढगात बघतो. आपली गाणी तशी नाहीत.

समजा गाण्याचा वेग मिनिटाला १२० ठोके आहे आणि दर चार ठोक्यांनी कॉर्ड बदलतो. म्हणजे दर दोन सेकंदांनी नवा कॉर्ड. डिके सहा सेकंदांवर असेल, तर एका वेळी तीन कॉर्ड हवेत तरंगतायत. गिचमिड इथून येते, पेडलच्या दर्जातून नाही. सुरुवातीला डिके एका कॉर्डच्या वेळेइतका ठेवा, मग कानाने ठरवा.

भावगीताची किंवा अभंगाची चाल गिटारवर वाजवताना दुसरी अडचण. आपण मींड घेतो, शुद्ध गंधारावरून मध्यमाला सरकतो. लांब घुमाऱ्यात आधीचा गंधार तसाच रेंगाळतो आणि नव्या मध्यमाला घासतो. शिमर लावला असेल तर वरच्या सप्तकातही हीच घासाघीस. म्हणून सुरावट वाजवणाऱ्यांनी मिक्स कमी, प्री-डिले ६० ते ८०च्या आसपास, आणि शक्य असेल तर वाजवताना दबणारा रिव्हर्ब वापरावा. प्री-डिले दिला की आधी सूर स्वच्छ ऐकू येतो, घुमारा मागून येतो. पेटीवाले आणि बासरीवालेही हे वापरू शकतात.

पैसे देण्याआधी

वीज. ही पेडल्स खादाड आहेत. बिगस्कायला ३०० मिलिअँपिअर लागतात, इव्हेंटाइड स्पेसला ५००. साध्या पॉवर सप्लायच्या १०० मिलिअँपिअरच्या तोंडाला लावलं तर पेडल सुरूच होणार नाही किंवा गुरगुरेल. स्पेसच्या पिनची ध्रुवता नेहमीच्या पेडल्सपेक्षा उलटी आहे, मधली पिन धन. दुसऱ्या पेडलचा अडॅप्टर 'बघू चालतो का' म्हणून लावू नका. आणि अमेरिकेहून येणाऱ्या मावसभावाला आणायला सांगणार असाल, तर अडॅप्टरवर '१००–२४०' व्होल्ट लिहिलंय का ते फोटो मागवून बघा. फक्त १२० व्होल्टचा असेल तर आपल्या २३० वर तो पहिल्याच दिवशी जाईल. वॉरंटीचं इथे काय, हेही विचारून ठेवा.

सेकंडहँड घेताना सगळी बटणं, फूटस्विच आणि दोन्ही आउटपुट तपासा. स्टिरिओ हा यांच्या किमतीचा मोठा भाग आहे. तुम्ही कायम एकाच अँपवर वाजवत असाल तर त्या भागाचे पैसे तुमच्यासाठी वायाच.

शक्य असेल तर धोबी तलावला जा. फुर्टाडोज तिथे १८६५ पासूनचं नाव. किंवा ज्याच्याकडे पेडल आहे त्या मित्राकडे जा. स्वतःची गिटार न्या, तुमच्या बँडचं एक गाणं फोनवर लावा आणि त्याच्याबरोबर वाजवा. एकट्याने वाजवून कधीच ठरवू नका.

मग घ्यायचं कुठलं?

घरी रेकॉर्डिंग, पार्श्वसंगीत, एकट्याचं वादन असं असेल तर बिगस्काय. दोन थर हवेत आणि बजेट आहे तर एमएक्स. बँडमध्ये, दर आठवड्याला नव्या जागी वाजवणाऱ्यांना आरव्ही-५००, कारण डिलेही त्यातच मिळतो. गाण्याच्या मध्ये आवाज बदलणाऱ्यांना व्हेंट्रिस. प्रयोग करणाऱ्यांना स्पेस. एकाच आवाजाच्या प्रेमात असलेल्यांना मर्क्युरी७. आणि महिन्यातून एकदा लग्नाच्या हॉलमध्ये वाजवत असाल, तर यातलं काहीच नको. ते पैसे चांगल्या अँपला लावा.

शेवटी एमएक्समधली ती इम्पल्सची गोष्ट. एखाद्या जागेत फुगा फोडला किंवा जोरात टाळी वाजवली आणि त्याचा घुमारा स्वच्छ रेकॉर्ड केला, की त्या जागेचा ठसा मिळतो. संगणकात असा ठसा वापरणारे फुकट प्लगइनही आहेत, त्यासाठी एमएक्स लागत नाही. गिरगावच्या चाळीचा लाकडी जिना वेगळा वाजतो, ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींचा काँक्रीटचा पॅसेज वेगळा. बीडीडीच्या जागी टॉवर येतायत, गिरगावातही चाळी उतरतायत. इमारत पाडली की तिचे फोटो राहतात, आवाज राहत नाही. तुमच्या चाळीचा जिना अजून उभा असेल तर एखाद्या दुपारी, शेजाऱ्यांना सांगून, एक फुगा फोडा आणि फोनवर का होईना रेकॉर्ड करून ठेवा. जगातल्या कुठल्याही पेडलमध्ये तो प्रीसेट मिळणार नाही.

पुढच्या भागात डिले. तोवर तुमच्या खोलीत एक टाळी वाजवून बघा, आणि काय ऐकू आलं ते आम्हाला व्हॉइस नोटवर पाठवा.